गृहस्थाच्या सहा दिशा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी भरते, ते शाळेत गणित शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी विहारात मुलांना जमवून सुत्तांचा अर्थ सांगायचे. सुत्त पाठ झालं की नाही ते नंतर बघू, आधी घरात त्यातलं काय करून पाहिलं ते सांगा, असा त्यांचा आग्रह असे. आजचा विषय ठरवताना तोच आग्रह माझ्या मनात होता. बुद्धाचा धम्म आणि आजचं जगणं या विषयाला अनेक वाटांनी भिडता येईल. चार आर्यसत्यं आहेत, अष्टांगिक मार्ग आहे, प्रतीत्यसमुत्पाद आहे. मी मात्र आज एकाच सुत्ताचा आधार घेणार आहे. ते म्हणजे दीघनिकायातलं एकतिसावं सुत्त, सिगालोवाद. घर सोडून गेलेल्या भिक्खूसाठी ते सांगितलेलं नाही. ज्याला घर चालवायचं आहे, पैसा मिळवायचा आहे, मुलं वाढवायची आहेत, त्या माणसासाठी ते आहे. त्यातून मला जे दिसतं ते आधीच सांगून टाकतो. आपण धम्म किती जगतो हे आपल्या नात्यांत कळतं, आणि सगळ्यांत आधी कळतं ते आपल्या हाताखाली काम करणाऱ्या माणसाशी असलेल्या नात्यात.

राजगृहातली सकाळ

प्रसंग राजगृहाचा आहे. बुद्ध वेळुवनात मुक्कामाला होते. सकाळी भिक्षेला निघाले असता त्यांना सिगाल नावाचा एक गृहपतिपुत्र दिसला. अंगावरची वस्त्रं ओली, केस ओले, हात जोडलेले; आणि तो पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, खाली आणि वर अशा सहा दिशांना नमस्कार करत होता. बुद्धांनी कारण विचारलं. तो म्हणाला, वडिलांनी मरताना सांगितलं होतं, म्हणून करतो.

बुद्धांनी त्या पोराची टिंगल केली नाही, वडिलांचा शब्द मोड असंही सांगितलं नाही. दिशा सहाच ठेवल्या, पण त्या दिशांना माणसं उभी केली. पूर्वेला आई-वडील, दक्षिणेला शिक्षक, पश्चिमेला पत्नी आणि मुलं, उत्तरेला मित्र आणि सोबती, खालच्या दिशेला दास आणि कामकरी, आणि वरच्या दिशेला श्रमण-ब्राह्मण, म्हणजे आपल्याला चांगल्या मार्गाला लावणारी माणसं. या माणसांशी नीट वागणं हीच दिशांची पूजा. ज्याने ही नाती सांभाळली, त्याला कोणत्याही दिशेकडून भय उरत नाही.

आचार्य बुद्धघोषांनी आपल्या अट्ठकथेत या सुत्ताला गृहस्थांचा विनय म्हटलं आहे. भिक्खूंना जसा विनय, तसा संसारी माणसाला हा. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या पाचव्या खंडात बाबासाहेब आंबेडकरांनी उपासकांच्या विनयाला स्वतंत्र जागा दिली. त्यात मुलांचा, शिष्याचा, पती-पत्नींचा, मालक आणि नोकराचा विनय वेगवेगळा मांडला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांच्यासोबत लाखो माणसांनी धम्मदीक्षा घेतली. ती माणसं संघात जाणार नव्हती. ती दुसऱ्या दिवशी शेतावर, गिरणीत, रेल्वेच्या कामावर, स्वतःच्या संसारात परतणार होती. त्यांनी रोज कसं वागायचं, या प्रश्नाचं उत्तर बाबासाहेबांना द्यायचं होतं आणि ते त्यांनी दिलं.

धर्मानंद कोसंबींचंही स्मरण इथे करायला हवं. १८७६ साली गोव्यातल्या साखवाळ गावी जन्मलेल्या या माणसाने ‘बालबोधमेवा’ मासिकात बुद्धाची गोष्ट वाचली आणि तिच्या ओढीने घर सोडलं. काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश अशी पायपीट करून पालीचं ज्ञान मिळवलं आणि ते मराठीत आणलं. फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवलं, हार्वर्डला जाऊन विसुद्धिमग्गाच्या संपादनाचं काम केलं. एवढ्या मोठ्या पंडिताने पुढे मुंबईत बहुजनविहार उभा करायचं ठरवलं, तेव्हा जागा निवडली ती परळची, गिरणगावातली. धम्म कोणाच्या दारात न्यायचा, हे त्या निवडीतून स्पष्ट दिसतं.

पैसा कुठून गळतो

सुत्ताच्या पहिल्या भागात बुद्ध सिगालाशी पैशाबद्दल बोलतात. अनेकांना याचं आश्चर्य वाटतं, कारण बुद्ध म्हटलं की आपल्यासमोर राजवाडा सोडून गेलेला सिद्धार्थ येतो. पण गृहस्थाने गरीब राहावं असं बुद्धांनी कुठेही सांगितलेलं नाही. प्रामाणिकपणे मिळवावं, सांभाळावं आणि योग्य जागी खर्चावं, असंच त्यांचं सांगणं आहे. संपत्ती गळून जाण्याची सहा भोकं ते दाखवतात: नशापाणी, अवेळी रस्त्यावर भटकणं, तमाशे-जत्रांचा नाद, जुगार, वाईट संगत आणि आळस. आळशी माणसाच्या सबबीसुद्धा सुत्तात नोंदलेल्या आहेत. फार थंडी आहे, फार ऊन आहे, फार उशीर झाला, अजून फार लवकर आहे, फार भूक लागली आहे, पोट फार भरलं आहे. अडीच हजार वर्षांत सबबी बदललेल्या नाहीत.

जुगाराचे परिणाम त्यांनी ज्या क्रमाने सांगितले आहेत, तो क्रम पाहण्यासारखा आहे. जिंकलं तर वैर वाढतं. हरलं तर गेलेल्या पैशासाठी मन झुरतं. पैसा तर जातोच. मग सभेत त्या माणसाच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र आणि सहकारी त्याला तुच्छ लेखतात. शेवटी त्याला कोणी मुलगी द्यायला तयार होत नाही. पैशाच्या डावापासून सुरू झालेली गोष्ट माणसाच्या अब्रूपर्यंत, त्याच्या शब्दापर्यंत पोहोचते. आज हा जुगार पारावरून उठून खिशातल्या मोबाइलमध्ये आला. रमीच्या आणि पैजांच्या ॲपवर पगार झाला त्याच रात्री उडवणारी तरुण मुलं आपल्या वस्त्यांत आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कायदा हवाच होता. पण हरलेला मुलगा घरात तोंड लपवून बसतो, मित्राकडे खोटं बोलून उसने मागतो, तेव्हा त्याच्याशी कोण बोलणार? ते काम कायद्याचं नाही, ते उत्तरेच्या दिशेचं, म्हणजे मित्राचं आहे. खरा मित्र कोण, तर आपण बेसावध असताना आपली आणि आपल्या चीजवस्तूची राखण करतो तो, असं हेच सुत्त सांगतं. सामना बघत शेजारी बसून पैज लावायला भरीला घालणारा मित्र नव्हे. बुद्धांनी अशा माणसाला नाशातला सोबती म्हटलं आहे.

दारूबद्दल वेगळं सांगायला नको. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि ती आपण दरवर्षी मोठ्याने म्हणतो. या राज्यातल्या बायकांनी ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असं मतदान करून गावोगावची दुकानं बंद पाडली आहेत. रांगेत उभं राहून आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या त्या बाईने सिगालोवाद वाचलेलं नसेल, पण त्यात सांगितलेली नुकसानाची यादी तिच्या घरात घडून गेलेली असते. पैसा जातो, भांडणं वाढतात, आजार जडतात, अब्रू जाते, लाज सुटते, बुद्धी क्षीण होते.

मग पैशाचं करायचं काय? सुत्तातला हिशेब साधा आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एक भाग जगण्यावर खर्चावा, दोन भाग कामधंद्यात घालावेत आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. नोकरदाराला कामधंद्यात निम्मी मिळकत घालता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण आपण जे कमावतो त्यातलं काही आपल्या कष्टाची ताकद वाढवण्यासाठी, म्हणजे शिक्षणासाठी, कौशल्यासाठी, शेतातल्या पाण्यासाठी लावायचं आणि काही कठीण काळासाठी ठेवायचं, हे सूत्र कोणालाही लागू पडतं.

या हिशेबामागे बुद्धांचं एक मोठं निरीक्षण आहे. अनाथपिंडिक या गृहस्थ उपासकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखं सांगितली. आपल्यापाशी कष्टाने मिळवलेलं काही असणं, त्याचा उपभोग घेता येणं, कोणाचं देणं नसणं आणि हातून निंद्य कर्म घडलेलं नसणं. यातलं तिसरं सुख, कर्ज नसण्याचं, आज किती घरांत शिल्लक आहे? अंगुत्तरनिकायातल्या दुसऱ्या एका सुत्तात ते भिक्खूंना विचारतात की गरिबी दुःखाची आहे का, आणि मग एकेक पायरी उतरत जातात. गरीब माणूस कर्ज काढतो, कर्जावर व्याज चढतं, व्याज थकलं की तगादा लागतो, तगाद्यानंतर पाठलाग, पाठलागानंतर बंधन. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या शेतकऱ्याला या पायऱ्या वाचून दाखवा, तो प्रत्येक पायरीवर स्वतःच्या गावातलं एक नाव सांगेल. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, ती याच पायऱ्यांवर पिचून. आज सावकाराच्या वहीच्या जोडीला बचत गटाचा साप्ताहिक हप्ता आहे आणि पाच मिनिटांत कर्ज देणारं ॲप आहे. घरात कर्ज किती आहे हे नवरा-बायकोने एकत्र बसून, मुलांनाही समजेल असं बोलणं, हे मला आजच्या काळातलं शीलपालन वाटतं. लपवलेलं कर्ज घरं बुडवतं.

दोन्ही बाजूंचं देणं

सुत्ताचा दुसरा भाग नात्यांचा. इथे बुद्धांची रीत बघा. प्रत्येक नात्यात त्यांनी कर्तव्यं दोन्ही बाजूंना वाटली आहेत. मुलांनी आई-वडिलांसाठी पाच गोष्टी करायच्या, आणि आई-वडिलांनीही मुलांसाठी पाच. शिष्याने शिक्षकाचा मान राखायचा, आणि शिक्षकाने हातचं काही राखून न ठेवता शिकवायचं. आपल्या समाजात खालच्याची कर्तव्यं सगळ्यांना पाठ असतात. मुलाने ऐकावं, बायकोने सांभाळून घ्यावं, नोकराने निमूट राबावं. वरच्याचंही देणं आहे, हे या सुत्ताने स्वच्छ सांगितलं.

पती-पत्नीचंच घ्या. पतीची पाच कर्तव्यं अशी: तिचा सन्मान करणं, अपमान न करणं, तिच्याशी एकनिष्ठ राहणं, घरातला अधिकार तिच्या हाती देणं आणि दागदागिने देणं. दागिन्यांपाशी आपण पटकन पोहोचतो, चौथ्यापाशी अडखळतो. अधिकार देणं म्हणजे नुसती स्वयंपाकघराची चावी नव्हे. घराच्या कागदावर, बँकेच्या खात्यावर, सातबाऱ्यावर तिचं नाव हवं. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावावर केला. त्या चळवळीची प्रेरणा वेगळी होती, पण तलाठ्याच्या कचेरीत झालेली ती नोंद या सुत्ताच्या चौथ्या कर्तव्याच्या फार जवळची आहे. आपल्या विहारात लग्नं लागतात, वर-वधू त्रिसरण-पंचशील घेतात. त्याच वेळी पतीची ही पाच कर्तव्यं वराकडून मोठ्याने म्हणवून घेतली पाहिजेत.

खालची दिशा

आता मी ज्यासाठी हे सुत्त निवडलं त्या दिशेकडे येतो. मालकाने कामकऱ्यासाठी करायच्या पाच गोष्टी बुद्ध सांगतात. ताकद बघून काम द्यावं. जेवण आणि वेतन द्यावं. आजारपणात सेवा करावी. काही विशेष गोडधोड असेल तर त्यातला वाटा द्यावा. आणि वेळेवर सुट्टी द्यावी. अट्ठकथेत बुद्धघोष शेवटच्या कलमाचा खुलासा करतात. दिवसभर राबून माणूस थकतो, म्हणून रोज वेळेत सोडावं. आणि सणासुदीला खाणंपिणं, लेणंनेसणं देऊन मोकळं करावं.

ही पाच कलमं हातात घ्या आणि शहरातल्या कुठल्याही गृहसंकुलात एक दिवस उभं राहा. फाटकावर वॉचमन असतो. बारा तासांची पाळी. बदली आला नाही तर चोवीस तासांची. बसायला मोडकी खुर्ची, आणि जायला स्वच्छतागृह नाही, म्हणून तो पाणीच कमी पितो. तिसऱ्या मजल्यावर घरकाम करणाऱ्या मावशींना चहा मिळतो, पण वेगळ्या कपात, आणि तो कप खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला असतो. त्यांना ताप आला तर त्या दिवसाचे पैसे कापले जातात. दिवाळीचा फराळ त्यांच्या हाती येतो तो भाऊबीज उलटून गेल्यावर, चकल्या मऊ पडल्यावर. जेवण घेऊन येणाऱ्या मुलाला समोरच्या लिफ्टने जाऊ देत नाहीत. तो पावसात भिजत येतो, चार जिने चढतो, आणि दोन मिनिटं उशीर झाला म्हणून त्याला एकच तारा मिळतो.

पाचपैकी किती कलमं पाळली गेली? ताकद बघून काम, आजारपणातली सेवा, वेळेवर सुट्टी ही तीन तर उघड मोडली. चौथं कलम, विशेष पदार्थातला वाटा, मला फार मोलाचं वाटतं. पगार देणं हा करार झाला. ताज्या फराळातला वाटा देणं म्हणजे तुझ्या तोंडालाही चव आहे, तुझ्याही घरी मुलं वाट बघत आहेत, हे मान्य करणं. ज्या कपात आपण पितो त्याच कपात मावशींना चहा देणं हा पंचशील मानणाऱ्या घराचा किमान नियम असायला हवा. अस्पृश्यतेच्या वेदना ज्यांच्या आजी-आजोबांनी भोगल्या, त्यांच्या घरात तर वेगळा कप दिसताच कामा नये. आपल्यातले शिकलेले, स्थिरावलेले अनेकजण आता मालकाच्या बाजूला बसले आहेत. म्हणून मी हे कोणा दुसऱ्याला सांगत नाही, या सभागृहाला सांगतो आहे.

सुत्ताची मर्यादा आणि कायद्याचं काम

एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्या सुत्तातला कामकरी हा बऱ्याचदा दास आहे. त्याने मालकाच्या आधी उठावं आणि मालकानंतर झोपावं, अशी अपेक्षाही त्यात आहे. तो काळ दास ठेवणाऱ्या समाजाचा होता, आणि सुत्ताने ती व्यवस्था मोडीत काढली नाही. जे आहे ते आहे. पण त्याच बुद्धांनी गृहस्थाने करू नयेत अशा पाच व्यापारांत शस्त्रं, मांस, मद्य आणि विष यांच्याबरोबर जिवांचा व्यापारही घातला, आणि माणसांची विक्री त्यातच येते. विचार कोणत्या दिशेने चालला होता, ते यावरून कळतं. तो पुढे नेणं हे आपलं काम आहे.

बाबासाहेबांनी तो पुढे नेला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला कामाचा आठवडा ४८ तासांवर आला, त्यामागे त्यांच्या खात्याचं काम होतं. वेळेवर सुट्टी द्यावी हे मालकाच्या भलेपणावर सोडलेलं कलम कामगाराचा हक्क झालं. १९५४ साली आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली असं सांगितलं. त्या वाक्याला असा आधार आहे.

दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तातही हाच विचार राज्यकर्त्याच्या पातळीवर आहे. राज्यात चोऱ्यामाऱ्या वाढलेल्या असतात. पुरोहित राजाला सांगतो, धरपकड करून आणि शिक्षा देऊन हे थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बी-बियाणं दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला वेतन दे. व्यक्तीचं शील आणि राज्याचं धोरण अशा दोन्ही गोष्टी धम्मात आहेत. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. आपल्याकडे काम करणाऱ्या मावशींची तिथे नोंद करून देणं, त्यासाठीचे कागद जमवायला एक दिवस त्यांच्यासोबत जाणं, हे खालच्या दिशेचं वंदनच आहे.

ध्यानानंतरचा दिवस

ध्यानाचं काय, असं कोणी विचारेल. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिरात मौन पाळून बसणाऱ्या साधकांबद्दल मला आदर आहे. तिथेही पहिल्याच दिवशी शील घ्यावं लागतं, त्यावर समाधी आणि मग प्रज्ञा. हा क्रम आता मोठ्या कंपन्यांच्या सभागृहांत विसरला जातो. तिथे श्वासावर लक्ष ठेवायला शिकवतात, ताण कमी होतो, माणूस पुन्हा ताजातवाना होऊन कामाला लागतो. ताण कमी होणं चांगलंच आहे. पण ज्या कामाच्या तासांनी तो ताण आला त्या तासांबद्दल कोणी बोलायचंच नसेल, तर बुद्धांचं अर्धंच ऐकलं असं होईल. दुःख आहे म्हटल्यावर त्यांनी दुःखाचं कारण शोधलं, आणि कारण दूर करायला सांगितलं. ध्यानातून उठल्यावर राग लवकर ओळखू येत असेल, तर त्याचा पहिला उपयोग ऑफिसातल्या शिपायावर आवाज चढण्याआधी व्हायला हवा.

बंधुभगिनींनो, या वर्षभरासाठी तीन कामं आपण अंगावर घेऊ. घरात मिळकत आणि कर्जाचा हिशेब महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून करायचा. घराच्या किंवा जमिनीच्या कागदावर घरातल्या बाईचं नाव आहे की नाही ते बघायचं, नसेल तर लावायचं. आणि आपल्याकडे काम करणाऱ्या प्रत्येकाची आठवड्याची सुट्टी आणि आजारपणातला पगार ठरवायचा. तोंडी नको, लिहून ठेवायचा.

तिसऱ्या कामाची सुरुवात आपल्या संस्थांपासून व्हावी. विहार, वसतिगृहं, शाळा, ही व्याख्यानमाला, सगळीकडे कोणी ना कोणी झाडलोट करतं, पाणी भरतं, रात्री राखण करतं. या सभागृहात हे काम करणाऱ्यांना सुट्टीचा दिवस आहे का आणि आजारी पडल्यावर त्यांचा पगार चालू राहतो का, हे मी संयोजकांना आज सर्वांसमोर विचारतो आहे. उत्तर नाही असं असेल, तर कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा पहिला ठराव घ्यावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.